पोलक्यातला मोगरा

बेळगुंदी
२ एप्रिल १९८६

आक्का,
पाया पडते. इकडं सगळं खुशाल हाय असं लिवायची रीत हाय, पर खुशाल न्हाय, म्हणून तेवढं सोडून फुडचं लिवते. चौथीपतूर शिकलेलीचं अक्षर, लावून वाच. आणि मला कार्ड घालू नको, इनलँड घाल. कार्ड अख्खी गल्ली वाचती आणि मग घरात येतंय.

परवा माझ्या हातनं रंजू पडली. परसातनं येत होते, पोर कमरेवर. पाय टाकला एकीकडं आणि पडला भलतीकडंच. भुईच हलल्यागत झाली. मी पडले ते पडले, पोरीच्या कपाळाला दगड लागला. रगत बघून हाक मारायला गेले तर जीभ जड, शब्दच नीट येईना. सासूबाई गोठ्यातनं धावत आल्या, पोर हातातनं काढून घेतली. म्हणाल्या, "आजपासनं पोरीला उचलायचं न्हाय. माझ्याजवळ निजंल ती." त्यांचं तरी काय चुकलं गं? पर आक्का, पोर रात्री आई म्हणून रडती आणि मी भिंतीच्या ह्या अंगाला तोंडात पदर कोंबून पडते.

वरीस झालं, माझी चाल अशी बिघडलीया. भिंत धरून, पाय फाकून चालते. पाण्याला जायचं सोडलं. सारं काम बसून करते, म्हणजे कुणाला दिसू नये. तरी दिसतंयच. शेजारची नागुबाई नळावर बोलली, "दिवाळीला फौजेतनं रवळू रमची बाटली आणलता न्हवं? बायको चोरून चाखती जणू."

मला आईच आठवली. उचगावच्या बाजारात ती अशीच चालायची. हातभट्टीची तानी म्हणायची लोकं. आपण दोघी चार घरं मागं ऱ्हायचो, आमची कोण न्हवं असं दाखवत. आईनं कधी थेंब तरी घेतलाता काय गं? मला तर आठवत न्हाय.

बेळगावच्या दवाखान्यात एकटी जाऊन आले. डॉक्टर तरणा हाय, मेंदूचा. डोळे मिटून उभी ऱ्हा म्हणाला, मी आडवी झाले. बोट नाकाला लाव म्हणाला, ते डोळ्यात गेलं. त्यानं सांगितलं, डोक्याच्या मागल्या बाजूला लहान मेंदू असतोय, अंगाचा तोल त्याच्याकडं. तो झिजत चाललाय. मग म्हणाला, "घरात आणि कुणाला असं हुतं काय? आईला?" मी न्हाय म्हणाले. कान तापलं माझं, पर न्हायच म्हणाले.

एक सुई हाय म्हणतोय. आपल्याच मेंदूत तसला रस तयार हुतोय, हार्मोन म्हणत्यात, तोच सुईनं शिरेत द्यायचा. जपानात देत्यात म्हणं. ह्याच्याकडं थोड्याच बाटल्या आल्यात. रोज यावं लागंल. मला भ्या वाटतंय. घेऊ का नको, सांग. ह्यांना अजून काय कळवलं न्हाय. फौजेत माणसाला घरचं काय लिवायचं असलं?

सुला

निपाणी
११ एप्रिल १९८६

सुले,
रडून लिवलंस ते कळलं, शाई फुटलीया जागोजाग. आता गप ऱ्हा आणि ऐक.

सुई घे. शिरेत असंल न्हायतर टाळक्यात असंल, घे. सासूला सांग शक्तीची सुई हाय. अशक्त बाईला कोण काय म्हणत न्हाय. मेंदू झिजतोय म्हणालीस तर उद्या तुझं बोचकं दारात असंल आणि रंजूला सवत सांभाळंल.

आईचं नाव काढू नको. काढलं न्हाईस ते बरं केलंस. मेलेल्या बाईला काय फरक पडतोय? आमच्या कमळीला कागलचं स्थळ आलंय. पोरगा यष्टीत मेकॅनिक हाय. ह्या घरात बायका झोकांड्या खात्यात म्हणून कुणी सांगितलं तर पोरगी जन्मभर चुलीपाशी बसंल. बी खराब म्हणत्यात आपल्याकडं, ठावं हाय न्हवं?

आणि असं बघ, झोकांड्या कुणाच्या जात न्हाईत? मी दिवसभर वखारीत तंबाखू झाडते. सुटल्यावर घरला येईस्तवर मीबी एकदा गटारीत जाते. धुरळा टाळक्यात चढतोय. आमच्यातल्या निम्म्या बायका तशाच चालत्यात, म्हणून काय सगळ्या मेंदूच्या डॉक्टरकडं पळत्यात? परवा मुकादम म्हणाला, "जयाबाई, चाळण हलवतीया का नाचवतीया?" मी म्हणाले, "ढोलकी आण, मग दावते."

रंजूच्या कपाळाला हळद लाव. दाजी बरे हायत. सुई घेऊन लगोलग कळव.

आक्का

बेळगुंदी
२८ एप्रिल १९८६

आक्का,
मी चालले! गोठ्यापासनं उंबऱ्यापतूर, भिंतीला हात न लावता चालले. सासूबाई वैरण टाकत होत्या, त्या बघतच ऱ्हायल्या. म्हणाल्या, "शक्तीची सुई गुणाची हाय गं." जीभबी सुटलीया. रंजूला गाणं म्हणून दावलं तर ती टाळ्या वाजवायली.

आता सुईचं सांगते, हसू नको. शिरेत गेली की अंगातनं गरम वाफ जाती, तोंडात पितळ चाखल्यागत हुतं, मळमळतं. आणि लघवीची अशी घाई लागती की काय सांगू. पहिल्या दिवशी मी डॉक्टरला सांगायला लाजले. बाप्या माणसाला काय सांगायचं? खाटंवरच झाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंगव्वा म्हणून एक आया हाय तिथं, खासबागेत ऱ्हाती, कानडी बाई. तिनं लुगडं झाकलं, डॉक्टरला बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "अय्यो, हे सगळ्यांनाच हुतं तंगी, सुईचं हाय ते, तुझं न्हाय." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आता सुईच्या आधीच भांडं आणून ठेवती.

सासूबाईंनी रंजूला परत माझ्या कडेवर दिली. मी तिला घेऊन मारुतीच्या देवळापतूर गेले, वाटेच्या मधनं. नागुबाईच्या दारावरनं तर मुद्दाम दोनदा.

डॉक्टरनं मातर सांगितलंय, "बाई, हे औषध तोल सावरतं. रोग मिटवत न्हाय. बंद केलं की किती दिवस टिकंल मला ठावं न्हाय." मी ऐकलं न ऐकल्यागत केलं.

पर आक्का, एक भलतंच झालंय. कुणाला सांगायला तोंड न्हाय, तुलाच लिवते. मला दूध सुटलंय. रंजूला शिमग्याला अंगावरनं तोडली, लिंबाचा पाला लावून. दूध आटून गेलतं. आता सुया सुरू झाल्यापासनं परत आलंय. पोलकं भिजतंय. आधी वाटलं दिवस गेले, पर ह्ये तर दिवाळीला येऊन गेले, त्याच्यानंतर माझी पाळी चुकली न्हाय. परवा रंजू जवळ आली, वास घेतला आणि गपकन पदराखाली शिरली. मी गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसून घेतलं तिला. माझीच पोर, आणि चोरून.

डॉक्टर रोज इचारतोय, "आणि काय तरास?" मी म्हणते काय न्हाय. लघवीचं एक झालं, आता हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगितल्यावर त्यानं सुई बंद केली तर? मग रंजू परत भिंतीच्या पल्याड.

सासूबाईंना दिसायच्या आत हे आटलं पायजे. काय करू?

सुला

निपाणी
४ मे १९८६

सुले,
येडी का खुळी तू? त्याला काय डॉक्टर लागतोय?

वरच्या गल्लीतल्या सुंद्रीचं तान्हं लेकरू गेलं तवा तिला आपल्या आईनंच मोगरा बांधायला सांगितलाता. तू लहान होतीस. मोगऱ्याची फुलं घ्यायची, ताजी, कळ्या न्हवं. पोलक्यात दोन्हीकडं घट्ट दाबून ठेवायची. सुकली की नवी. थोड्या दिवसांत दूध आटतंय. आता तर मोगरा गल्लोगल्ली हाय.

डॉक्टरला सांगू नको. सासूला तर नकोच नको. पोरीला पाजायचं बंद कर, पाजलं की वाढतंय.

तू चालतीस हे वाचून मी वखारीत सगळ्या बायकांना पेढं देणार होते, मग ध्यानात आलं, कशाचं म्हणून सांगू?

कागलचे लोक म्हयन्याअखेर कमळीला बघायला यायचे हायत. पवं करणार हाय. हातातनं बशी पडाय नको म्हणून पोरीलाच द्यायला लावणार. माझ्या हातातनं हल्ली भांडी लई पडत्यात. तंबाखूनं हात बधिर हुत्यात.

आक्का

खासबाग, बेळगाव
१७ मे १९८६

आक्का,
हे पत्र गंगव्वाच्या घरातनं लिवते. माझं घर बंद झालं.

तू सांगितल्यागत केलं. दवाखान्याच्या फाटकापाशी फुलवाली बसती, तिच्याकडनं मोगरा घ्यायचे आणि गंगव्वाच्या खोलीत जाऊन पोलक्यात बांधायचे. दूध कमी हुत होतं, खोटं कशाला बोलू. पर आक्का, आपण दोघींनी एक इचार केला न्हाय. मोगऱ्याला वास असतोय.

दोन दिवस सासूबाई नुसत्या वास घेत फिरल्या. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या करत होते तर माझ्या मागं येऊन उभ्या ऱ्हायल्या. म्हणाल्या, "केसात एक फूल न्हाय आणि वास मातर घरभर." त्यांनी पदराला हात घातला. फुलं चुलीफुडं पडली, चुरगाळलेली, दुधानं भिजलेली.

वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी दार लावलं. "कुणासाठी गं हे? नवरा बर्फात उभा हाय आणि तू सकाळच्या गाडीनं पोलक्यात मोगरा घालून बेळगावला?" मी म्हणाले दूध आटवायला. तसं त्यांचं तोंड पांढरं पडलं. "दूध? रवळू दिवाळीला येऊन गेला. पोट तर न्हाय. मग दूध कुठलं? काय केलंस, कुठं टाकून आलीस?" आक्का, शक्तीची सुई म्हणून मी सांगितलंतं न्हवं, त्याचाच त्यांनी अर्थ लावला. सुई कसली ते त्यांना आता कळलं म्हणाल्या.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पर काय सांगणार? मेंदू झिजतोय म्हणून सांगू? ते सांगितलं तर रोगी, न्हाय सांगितलं तर छिनाल. मला त्या घडीला कुठलंच सोसंना. गप ऱ्हायले. गप ऱ्हायलेली बाई कबूल झाली असंच हुतंय.

रंजू दारात उभी होती. "आई फुलं," म्हणाली, आणि गोळा करायला लागली. सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

मला फाट्यावर गाडीत बसवून दिलं. ह्यांना पत्र घातलंय म्हणं, शाळेतल्या मास्तराकडनं लिवून घेऊन. मास्तराकडनं! म्हणजे आता गावाला कळलं.

औषधाच्या बाटल्या संपल्या. चार दिवस बरी चालले, आता परत खाटंला धरून उठते.

आक्का, माझं आता माहेर म्हणजे तूच. तू ये. सासूबाईंना सांग, मोगऱ्याचं मीच सांगितलंतं. आणि आईचं सांग. तिची चाल अशीच हुती, ती पित न्हवती, हा आजार हाय, हे तूच सांगू शकतीस. माझ्या तोंडाचं कोण खरं मानंल? तू थोरली हायस, तुझं ऐकतील. मला रंजू पायजे. बाकी कायबी म्हणू देत.

सुला

निपाणी
२५ मे १९८६

ती. मावशीस,
हे पत्र मी कमळी लिहीत आहे. आई सांगते तसे लिहिते. आईच्या अंगठ्याला कात्री लागली आहे.

सुले, मला येता येणार न्हाय. वखारीत सुटी न्हाय. कागलच्या लोकांनी पोरगी पसंत केली. लग्नाआधी मी आईचं असलं कुठल्या घरात जाऊन सांगू? कागल आणि बेळगुंदी लांब हाय, पर बोलणं लांब न्हाय.

तू सासूच्या पाया पड. चुकले म्हण. काय चुकलं ते तिला ठरवू दे. बाईनं पाय धरलं की निम्मा राग जातोय. गंगव्वाला माझा नमस्कार सांग.

आईने सांगितलेले संपले. मावशी, आई हल्ली भिंतीच्या कडेकडेने चालते. हे मी माझ्या मनाने लिहिले आहे. आईला सांगू नको.

कमळी

बेळगुंदी
९ जून १९८६

आक्का,
वर गावाचं नाव बघितलंस? मी घरात हाय. रंजू इथंच, माझ्या मांडीवर पाय टाकून निजलीया. आता कसं ते सांगते.

तुझं पत्र वाचून मी आधी लई रडले. मग पाया पडायचं ठरवलं. गंगव्वा म्हणाली, "पाया पडायला वाकलीस तर उठवायला माणूस लागंल तुला." आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझ्या मनात आलं, काय चुकलं म्हणून पाया पडायचं? मी वरीसभर चाल लपवत आले, आणि त्या लपवण्यानंच मला घराबाहेर काढलं.

फाट्यावर गाडीतनं उतरले. नेहमी मी भिंतीच्या कडेनं जाते. त्या दिवशी मधनं गेले. पाय फाकून, हात पसरून, आई जायची तशी. दोनदा पडले. नळावर सगळ्या बायका. नागुबाई म्हणाली, "सकाळ सकाळीच लावून आलीस काय गं सुलाबाई?"

मी तिच्यापाशी गेले. इतकी जवळ गेले की ती मागं सरली. म्हणाले, "वास घे."
"कसला?"
"तोंडाचा. घे की. सगळ्यांनी घ्या."
तोंड उघडून उभी ऱ्हायले आक्का. लाज इतकी वाटत होती की डोळ्यांफुडं अंधारी आली, पर उभी ऱ्हायले. नागुबाईनं घेतला वास. तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "चहाचा हाय."

सासूबाई दारात आलत्या. तिथंच सगळ्यांसमोर मी बोलले. माझा लहान मेंदू झिजतोय, माझ्या आईचाबी झिजला हुता, ती कधी पीत न्हवती. सुई त्याची हुती, शक्तीची न्हवती. त्या सुईनं दूध सुटलं, आणि दूध आटवायला मोगरा.

सासूबाईंनी एकदा गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हशीचं रेडकू मेलं की डेअरीवाला सुई मारून पान्हा सोडवतोय. तसलं काय?"
मी म्हणाले, "मला ठावं न्हाय. असंल."
"मग तसं सांगायचं न्हाईस व्हय, भवाने!"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासंगट दवाखान्यात आल्या. डॉक्टरच्या टेबलावर हात ठेवून इचारलं, "माझ्या सुनेला तुम्ही म्हशीची सुई दिली काय?" डॉक्टर हसला न्हाय, त्याला मानलं मी. म्हणाला, सुई येगळी, पर ह्या औषधानं दुधाचा हार्मोनबी वाढतो, अंगावरनं नुकतंच पोर तुटलेल्या बाईला दूध येऊ शकतं. "मी रोज इचारत होतो, बाई. तुम्ही सांगितलं न्हाई." मी खाली बघितलं. मग आईचंबी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

सासूबाईंनी इचारलं, "पोरीला व्हईल?"
तो म्हणाला, "हुईलच असं न्हाई. हुणारच न्हाई असंबी मी म्हणू शकत न्हाई."

घरात आल्यावर त्यांनी रंजूला माझ्याकडं आणली. म्हणाल्या, "बसून घे. उभ्यानं न्हाय." एवढंच. आता मी बसते आणि पोर चढती माझ्यावर. कडेवर घेऊन देवळापतूर जायचं ते आता व्हायचं न्हाय. औषध परत कधी येईल डॉक्टरला ठावं न्हाय, आलं तरी तेवढ्यापुरतंच. ह्यांचं पत्र अजून आलं न्हाय. सासूबाईंनी मास्तराकडनं दुसरं घातलंय, पर पहिलं आधी पोचणार. त्याचं भ्या हाय मला.

आणि एक. डॉक्टरनं इचारलं, "तुम्हाला भाऊ-बहीण?" मी म्हणाले एक आक्का. तो म्हणाला, "त्यांना घेऊन या."

आक्का, अंगठ्याला कात्री लागली असती तर तू डाव्या हातानं चार शिव्या तरी लिवल्या असत्यास. तुला मी वळखते. चाळण नाचती, बश्या पडत्यात, ते तंबाखूचं न्हाय. कमळीच्या लग्नाचं मला कळतंय. मी कागलला एक अक्षर कळवणार न्हाय. पर तू लपवून चाललीस तर उद्या कमळी चार घरं मागं चालंल. आपण चाललो तशी.

ये. आपण दोघी बाजारातनं दवाखान्यात जाऊ. लोक म्हणतील, दोघी बहिणी लावून आल्या. म्हणू देत. वास घ्यायला लावू.

सुला

निपाणी
१६ जून

सुले
माझंच अक्षर हाय. बघ कसं पळतंय. ही एवढीशी ओळ लिवायला सकाळ गेली.

कात्री लागली न्हवती.

कमळीला सांगितलं. ती म्हणाली मला कधीच ठावं हाय. कागलला कवा सांगायचं ते अजून ठरत न्हाय. लाज वाटती.

सोमवारी सकाळच्या यष्टीनं येते. स्टँडवर ये. एकटी येऊ नको, सासूला घेऊन ये. आपल्या तिघींत एक तरी बाई सरळ उभी ऱ्हाणारी पायजे.

आक्का